दिवाकर टेलर आणि चार फिरकीवाले

दिवाकर टेलर पुण्याला वारला. त्याच्या पोराचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. पोरगा म्हणाला, "काका, बाबा गेले. काल सकाळी. विद्युतदाहिनीत झालं सगळं, तासाभरात." मी विचारलं, "शोकसभेत कोण बोललं?" तो म्हणाला, "शोकसभा नाही झाली काका. इकडे तसं नसतं. सगळ्यांना कामावर जायचं होतं."

फोन ठेवला आणि शेंगांचं टोपलं लाथेनं उडवलं. मग खाली बसून एकेक शेंग वेचली. वेचायला घरात दुसरं कोणी नाही आता.

राग कशाचा, ते सांगतो. आमच्या सिंदीत सरण पेटलं म्हणजे माणसं लगेच घरी जात नाहीत. मोक्षधामात टिनाचं शेड आहे, त्याखाली बसतात. मग एकदोघं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, सगळे उभे राहून दोन मिनिटं गप्प राहतात, आणि पांगतात. श्रीमंत असो, हमाल असो, एवढं होतंच. गेली अठरा-वीस वर्षं या गावात मेलेल्या प्रत्येकावर हा माणूस बोलला. बोलावलं तरी बोलला, नाही बोलावलं तरी बोलला. आणि त्याच्यावर बोलायला कोणाला वेळ नव्हता. म्हणून मी लिहितो. मी चौथी पास, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, पाना धरायचा हात आहे माझा. चुकलं तर चुकलं.

दिवाकर माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. समोर दुकान, मागे घर. अंगानं काडी. गळ्यात टेप, कानावर खडू. टेप तो आंघोळीपुरताच काढत असेल, कारण मोक्षधामातही ती गळ्यात असे. मी एकदा म्हटलं, "अबे, निदान इथं तरी काढून येत जा. लोकायले वाटन मुडद्याचं माप घ्याले आला." तो म्हणाला, "माप तं घ्याच लागते, रामभाऊ. आता नाई घेतलं तं कधी घेनार?"

असं बोलायचा. सरळ उत्तर त्यानं आयुष्यात दिलं नाही.

तो डावखुरा. कात्री मात्र उजव्या हाताची, बापाच्या वेळची. ती डाव्या हातानं चालवताना असा कर्रर्र आवाज यायचा की माझ्या दाढा शिवशिवत. नवी घे म्हटलं की म्हणे, "तिले माह्या हाताची सवय झाली, आता तिले काऊन तरास द्या?"

शोकसभेत बोलायचं काम त्याच्याकडे कसं आलं, तेही त्याच्यासारखंच वाकडं. आधी आमचे एक रिटायर हेडमास्तर बोलत. भारी बोलत. कोणीही मेला तरी 'गावाचा आधारवड कोसळला' म्हणत. किती वड कोसळले त्याचा हिशेब नाही. मग एक दिवस तेच गेले. सरण पेटलं, सगळे शेडखाली बसले, आणि लक्षात आलं की बोलणाराच सरणावर आहे. सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते. तेव्हा हा उठला. टेप चाचपली आणि म्हणाला, "हेडमास्तरायच्या कोटाले म्या एक चोरखिसा शिवला होता. आतून, डाव्या बगलेखाली. तपकिरीच्या डबीसाठी. बाईसाहेबायले माहीत नोतं. वीस वर्स माहीत नोतं. ज्या मानसानं आपल्याले खोटं बोलू नोका म्हनून शिकवलं, त्याची येवढीच एक लबाडी होती, अन् ते बी माह्याजवळ होती. आज म्या ते परत केली."

आणि बसला. माणसं आधी हसली, मग कोणाला हसता येईना. हेडमास्तरांचा मोठा मुलगा तोंडावर पंचा धरून रडला. त्या दिवसापासून हे काम त्याच्या गळ्यात पडलं, टेपेसारखं.

तो कोणाची स्तुती करत नसे. कपडे कुठे झिजतात तेवढं सांगायचा. कोणाच्या पँटीचा डावा गुडघाच आधी का जातो, कोण सदऱ्याची वरची गुंडी कधीच लावत नाही, कोण पोराचा जुना शर्ट उलटा करून स्वतःसाठी शिवून घेतो. आम्ही वैतागायचो. अरे, माणूस गेला, जरा चांगलं बोल! पण घरी जाताना त्याच माणसाचा गुडघा डोळ्यासमोर यायचा, ही गोष्ट खरी.

आता मुख्य तापाकडे येतो. क्रिकेट.

दुकानात टीव्ही होता आणि देशाची मॅच असली की दुकानात काम बंद. बंद म्हणजे मशीन चालू, डोकं बंद. माझ्या पोरीच्या लग्नात मी जी पँट घातली तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड होता, कारण कापताना आपल्या टीममधून एका फिरकीवाल्याला काढल्याची बातमी आली. मी पँट घेऊन गेलो तर म्हणतो, "तुले पायाचं पडलं, तिकडं त्या मानसाचं करिअर गेलं."

बॅटिंग करणाऱ्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. जोरात टाकणाऱ्यांशी पण नाही. त्याचा सगळा जीव फिरकीवाल्यांत. आणि त्यातही मॅच जिंकतो की हरतो याची चिंता नाही. त्याला एकच चिंता. हे रिटायर झाल्यावर लोक यांची आठवण कशी काढतील?

"अबे, ते जिवंत आहेत," मी म्हणायचो. "तिशीचे पोट्टे आहेत. तू कायले त्याइच्या आठवनी काढून राह्यला?"

"मंग कधी काढू? मेल्यावर सगळेच काढते. तवा चुकीची काढते. जोरात टाकनाऱ्याची दांडी उडते, ते साऱ्या दुनियेले दिसते. बॅटवाल्याचे रन बोर्डावर राह्यते. फिरकीवाल्याचं काय राह्यते? विकेट पडली तरी लोकं म्हनते, बॅटवाल्यानंच गधेपना केला. याच्यातलं उरते काय, सांग!"

देशाच्या टीममध्ये तेव्हा चार फिरकीवाले होते. त्यांची खरी नावं त्याला घरच्यांसारखी पाठ, पण घेत नसे. त्यानं आपली नावं ठेवली होती.

एक 'मास्तर'. हा टाकायचा कमी आणि शिकवायचा जास्त. प्रत्येक बॉल झाला की फिल्डरला दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडे. दिवाकर म्हणे, "तीस वर्सानं कोनी विचारन, याच्या विकेटा किती होत्या बे? एकाले सांगता येनार नाई. पन घरातली आलमारी सरकवल्यावानी मानसं सरकवे, हे राहीन."

दुसरा 'जावई'. वेळेवर बॉल दिला, मानपान ठेवला, तर असा टाके की विचारू नका. उशीर झाला की कमरेवर हात ठेवून रुसे. "याची आठवन रुसन्याचीच राहीन. अन् त्याच्या बायकोले बी तेच आठवन."

तिसरा 'पोट्टा'. नवा, मनगटानं फिरवणारा. सिक्स बसला की हसायचा. दिवाकरचा जीव खालीवर व्हायचा. "हास बाप्पा, हास. तुहा बॉल कोनी ध्यानात ठेवनार नाई, हे हासनं ठेवतीन."

आणि चौथा 'मुका'. हा कोणाशी बोलत नसे, कोणावर डोळे काढत नसे. बॉल पायावर लागला तरी अपील असं करी की बँकेत पासबुक मागून राहिलाय. एका बाजूनं तासन् तास टाकत राही. एक रन, काही नाही, काही नाही, एक रन. विकेट त्याला क्वचित. समोरचा मात्र वैतागून जाई आणि दुसऱ्या बाजूनं जो कोणी येई त्याला विकेट देऊन जाई.

मी विचारलं, "अन् याचं काय राहीन?"

दिवाकरनं मशीनवरचा पाय थांबवला. "याचंच तं समजून नाई राह्यलं, रामभाऊ. याचं कायीच राह्यनार नाई अशी भीती वाटते."

म्हटलं, देशाचा कप्तान झोपला असेल आरामात आणि हा सिंदीत बसून त्याच्या माणसासाठी झुरतोय. धन्य आहे.

एकदा तर हद्द केली. त्या चौघांतल्या मास्तरनं क्रिकेट सोडल्याची बातमी आली. दिवाकरनं दुकानात शोकसभा भरवली. खरंच भरवली. आठ-दहा रिकामटेकडे जमले. मी पंक्चर झालेली सायकल घेऊन चाललो होतो, मलाही ओढलं. हा बोलला दहा मिनिटं, मग म्हणाला, "आता दोन मिनिटं उभे राहू." आम्ही उभे. तेवढ्यात आमच्या वार्डाचे नगरसेवक रस्त्यानं गेले. त्यांनी पाहिलं, टेलरच्या दुकानात माणसं माना खाली घालून उभी. ते पंधरा मिनिटांनी हार घेऊन आले. चेहरा पाडून दिवाकरच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, कसं झालं अचानक?" ती बिचारी पोळ्या टाकून बाहेर आलेली, हाताला पीठ. तिला वाटलं आपल्याला न सांगता कोणी गेलं माहेरचं, तिनं हंबरडाच फोडला. नगरसेवकांना वाटलं दिवाकरच गेला. आणि दिवाकर त्यांच्या मागेच उभा! हार वाया जाऊ नये म्हणून त्यानं तो टीव्हीला घातला. चार दिवस होता.

हे खूळ कुठून आलं, ते मला माहीत होतं. कारण त्यात मीच होतो.

आमच्या जिनिंगच्या मागे मैदान होतं. तरुणपणी दिवाकर तिथे आमच्या गावच्या टीमकडून खेळायचा. मॅटिंग अंथरून, खऱ्या बॉलनं. वर्ध्याच्या एका टीमबरोबर फायनल होती. त्या दिवशी त्यानं पाच विकेट काढल्या. पाच! पण शेवटच्या ओव्हरमध्ये एका जाड्या पोट्ट्यानं त्याला चार सिक्स मारले. त्यातला चौथा भिंतीवरून आत आला आणि कापसाच्या गंजीत घुसला. कापसाबरोबर बॉल मशीनमध्ये गेला असता तर पात्यांचा चुरा झाला असता. माझी ड्यूटी होती. मी बोंबललो, मशीन बंद केलं, सात माणसांनी गंजी उपसली. पाऊण तासानं बॉल मिळाला. तोपर्यंत मॅच हरून सगळे घरी.

ही गोष्ट मी गावभर सांगितली. लग्नात सांगितली, पानटपरीवर सांगितली, 'टेलरनं वर्ध्यासाठी टाकला अन् कापसात निघाला' असं म्हणून. लोक पोट धरून हसत. कित्येक वर्षं पोरं त्याला 'कापूस' म्हणून हाक मारत. पाच विकेटा मी कधी सांगितल्या नाहीत. हसू सिक्सवर येतं, विकेटवर येत नाही. त्यानं मला कधी अडवलं नाही. एकदाच म्हणाला, "बरोबर सांगते तू. पन येवढंच सांगते."

आता माझ्या बायकोचं सांगतो.

कमल सेवाग्रामला दवाखान्यात आया होती. सत्तावीस वर्षं सकाळची गाडी पकडून गेली, संध्याकाळच्या गाडीनं आली. रिटायर झाली, मग घरी. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी सकाळी चुलीपुढून उठली, 'मले कसंतरी होऊन राह्यलं' म्हणाली आणि भिंतीला धरून बसली. ऑटो दारात येईपर्यंत संपलं.

मोक्षधामात बरीच माणसं आली. दवाखान्यातल्या सात-आठ बायाही आल्या, लिंबाखाली वेगळ्या उभ्या होत्या. आम्ही शेडखाली बसलो. मला काही ऐकू येत नव्हतं, पण एवढं ध्यानात होतं की आता दिवाकर उठेल आणि कमलबद्दल बोलेल. त्याचीच वाट पाहत होतो, खरं सांगतो. मला तिच्याबद्दल काही सुचत नव्हतं. बेचाळीस वर्षं संसार केला आणि डोकं कोरं. वाटलं, हा सांगेल आणि मग मला समजेल माझं काय गेलं ते.

तो उठला. टेप चाचपली. म्हणाला, "आपल्या देशाच्या टीमात एक फिरकीवाला आहे. मी त्याले मुका म्हनतो. तो एका बाजूनं टाकत राह्यते. विकेट त्याले भेटत नाई. पेपरात दुसऱ्याचं नाव..."

माझ्या डोक्यात आग गेली. तिकडे माझी बायको जळतेय आणि हा क्रिकेट सांगतोय! मी उठलो आणि ओरडलो, "बस खाली! माह्या बायकोच्या सरनापुढं तुहं क्रिकेट नोको! भैताड साला, कुठी काय बोलावं समजत नाई तुले!"

दिवाकर तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग बसला. दुसरं कोणी उठलं नाही, कोणाची हिंमत झाली नाही. कोणीतरी म्हणालं, उभे राहू. दोन मिनिटं झाली, माणसं गेली. गावातल्या हमालावर, भिकाऱ्यावर हा बोलला होता. माझ्या कमलवर कोणी एक शब्द बोललं नाही. आणि तो शब्द मीच थांबवला होता, हे मला घरी आल्यावर समजलं. समजलं तरी कबूल करायला मी काही साधू नाही. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

अकरा महिने. भिंतीला भिंत. त्याची कात्री कर्रर्र करायची आणि मी इकडून रेडिओ मोठा करायचो.

मग या आषाढात एक दिवस पाहिलं तर दोन माणसं त्याच्या दुकानाची पाटी उतरवत होती. त्याची बायको आधीच पोराकडे गेली होती, डोळेही त्याचे अधू झालेले, सुईत दोरा जात नव्हता. पोरगा गुरुवारी न्यायला येणार होता. मी दारात उभा राहून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. हा असाच जाणार? न सांगता? शिव्या द्यायला तरी माणूस पाहिजे ना समोर! मी चप्पल न घालता गेलो.

मशीन गिऱ्हाईक घेऊन गेलं होतं. तो रिकाम्या दुकानात स्टुलावर बसून मॅच पाहत होता, नाक टीव्हीला लागेल एवढ्या जवळून. मी म्हटलं, "चाल्ला का?"

"हाव," तो म्हणाला. मान वळवली नाही. "थांब, तुह्या घरचं काम पडून आहे." खाली वाकून त्यानं एक पिशवी काढली. त्यात कमलची दोन पोलकी होती. "वहिनीनं देल्ते दुरुस्तीले. त्याच हप्त्यात. म्या करून ठेवले. द्याले कसा येनार? तू रेडिओ मोठा करून बसे."

मी पोलकं उलगडलं. उजव्या खांद्यावर बारीक टाके. दुसरं उलगडलं. त्यालाही उजव्याच खांद्यावर.

"हे काय?"

"माहीत नाई तुले?" आता त्यानं मान वळवली. "सत्तावीस वर्स दर तीन-चार महिन्यानं येत होती. फक्त उजवा खांदा. नवीन पोलकं असो का जुनं. पेशंट उचले ना ते. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर. पेशंटचा हात आपल्या खांद्यावर घ्याची अन् उचलाची. तो जीव खाऊन धरते, शिवन उसवते. म्या म्हटलं, वहिनी, डाव्या खांद्यावर घेत जा एखाद्या वेळी. ते म्हने, टेलरभाऊ, उजवाच मजबूत आहे, डाव्यावर मानूस घाबरते. रिटायर झाल्यावर बी सुटलं नाई. गल्लीतली कोनती म्हातारी पडली, का गेली उचलाले."

मला त्या क्षणी काय आठवलं सांगतो. मी तिला बोलायचो. 'तुले कपडे नीट वापरता येत नाई. उजवाच खांदा कसा फाटते दर वेळी, दाराच्या कडीले अडकवते का?' आणि ती म्हणायची, 'हाव, कडीले अडकलं.' सत्तावीस वर्षं मी त्या कडीला शिव्या दिल्या. एकदा तर कडी घासून गोल केली कानशीनं.

मी स्टुलाजवळ फरशीवर बसलो. म्हटलं, "हेच बोलनार होता तू?"

"हेच."

"मंग हेच बोलाचं होतं ना आधी! ते क्रिकेट कायले घातलं मधात?"

"लोकं एकदम खांद्याचं ऐकत नाई, रामभाऊ. म्हनतीन, आया होती, उचलनं तिचं कामच होतं. म्हनून आधी टीव्हीत पाह्यलेलं सांगा लागते. पेशंट बरा झाला तं नाव डाक्टरचं होते. होऊ दे, त्याचं बी काम आहे. पन दुसऱ्या बाजूनं कोन टाकत होतं, ते सांगाचं होतं. तेथवर तू येऊच देलं नाई."

"म्या ऐकलं असतं."

"तू? तू तं पहिल्याच बॉलवर क्रीज सोडून बाहेर आला!"

आणि हसला, लेकाचा. मला रडू येत होतं आणि हा हसत होता.

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. दवाखान्यातल्या बाया येतीन, गाव येईन. तवा ये अन् बोल. दोन दिवस राहून जा."

"पोराची सुट्टी नाई. तू बोल."

"मले बोलता येत नाई."

"जिनिंगच्या गंजीची गोष्ट तं चाळीस वर्स सांगते, तवा बोलता येते." मग तो म्हणाला, "उभा राह्य. सांग मले. मी आयकतो."

मग दोन म्हाताऱ्यांची तालीम सुरू झाली. मी उभा राहून म्हटलं, "कमल म्हणजे साक्षात देवी..." तो ओरडला, "बंद! देवीले पोलकं दुरुस्तीले द्या लागत नाई." मी पुन्हा सुरू केलं, "तिनं आयुष्यभर कष्ट केले..." "कोनी नाई केले? पुढचं सांग." मी खांद्यावर आलो तर म्हणे, "कोनता खांदा ते आधी सांग. लोकायनं आपल्या खांद्याकडं पाह्यलं पाह्यजे." कडीचं मी गाळलं, तर त्यानं ओळखलं की मी काहीतरी गाळतोय. "तुह्या तोंडावर दिसून राह्यलं. काय आहे?" सांगितलं तेव्हा त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाला, "हे सांग. हे सांगनं लागन. नाई तं तिचं अर्धंच राहीन."

मी चिडून म्हटलं, "गावापुढं माही इज्जत काढतो का?"

"इज्जत तुही, आठवन तिची. ठरव."

गुरुवारी सकाळी पोरगा गाडी घेऊन आला. दिवाकर पुढे बसला. निरोपाचं बोलणं त्याला जमत नव्हतंच. ड्रायव्हरला सांगत होता, मुक्याला दुसऱ्या बाजूनं आणायला पाहिजे होतं काल, कप्तानाला अक्कल नाही. गाडी वळली तरी तोंड चालू. माझ्याकडे पाहिलंही नाही.

वर्षश्राद्धाला मांडव भरला. जेवणाआधी मी बोलणार असं पोरीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कमलबरोबर काम केलेल्या बेबीबाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी आपल्या मोबाईलवर पुण्याला दिवाकरला लावून दिलं, त्याचा चेहरा दिसेल असं. चेहरा कुठला, नुसतं कपाळ आणि एक कान. आतून आवाज आला, "रामभाऊ, जोऱ्यानं बोलजो! मले आयकू येत नाई!"

म्हटलं, झालं. पुण्याहून पण.

मी बोललो. उजवा खांदा सांगितला. बायांचे हात आपोआप खांद्यावर गेले. आतून आवाज आला, "हां! आता पुढं!" सगळे हसले. मग मी कडीचं सांगितलं. तिनं 'हाव, कडीले अडकलं' म्हटलं ते सांगितलं, ती कडी मी घासून गोल केली तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. बेबीबाईंनी मोबाईल माझ्या आणखी जवळ धरला. माझी पोरगी उठून आत गेली आणि तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला. मी पुढे एवढंच म्हटलं, "तिनं मले कधी सांगितलं नाई. अन् म्या कधी इचारलं नाई." आणि बसलो.

मोबाईलमधून काही आवाज आला नाही. मी म्हटलं, आता सांगेल, इथं चुकलं, तिथं लांबवलं. मी वाट पाहिली. पाहिलं तर कपाळ नव्हतं, कान नव्हता. त्यानं तिकडे मोबाईल कुठेतरी उताणा ठेवून दिला होता. पडद्यावर छताचा पंखा दिसत होता, नुसता फिरणारा.

बेबीबाई म्हणाल्या, "कटला वाटते. बंद करू?"

मी म्हटलं, "राहू द्या. तो आहे तेथंच."